पिशवी दाराला, आम्ही मंडईत

कृष्णाकाठी (धागाकर्ता) | १ नोव्हेंबर, रात्री ९:४०

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीत गावभागात भाड्यानं राहत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर घर उघडायला गेलो तेव्हाचा चिखल आणि वास सगळ्या सांगलीकरांना माहीत आहे, तो पुन्हा सांगत बसत नाही. मला आठवतात त्या पिशव्या. पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवरच्या रेघेपेक्षा झाडांना लटकलेल्या कॅरीबॅगांवरून जास्त कळत होतं. आमच्या खिडकीच्या गजाला दुधाची एक पिशवी गुंडाळली गेली होती. सोडवून घेतली, पुसली. तिच्यावरची तारीख अजून वाचता येत होती, दोन वर्षांपूर्वीची.

त्या दिवशी तिथं उभा राहून ठरवलं की आपल्या घरातून आता एकही पिशवी नदीत जायची नाही. हे मनापासून ठरवलं होतं. बायकोनं जुन्या चादरीच्या सहा कापडी पिशव्या शिवल्या. त्या आजही आहेत, दाराला खुंटीवर.

आणि स्वयंपाकघराच्या दारामागं अजूनही ती दुसरी पिशवी आहे, पिशव्यांची पिशवी. सगळ्यांच्या घरात असते ती. सहा वर्षांत ती कधी रिकामी झाली नाही.

गेल्या महिन्यात मी एक गोष्ट केली. १ ऑक्टोबरपासून घरात आलेली प्रत्येक कॅरीबॅग वेगळ्या पोत्यात टाकली आणि टाकण्याआधी तिच्यावर मार्करनं लिहिलं: कधी आली, कुठून आली, कुणी आणली. काल रात्री पोतं जमिनीवर ओतलं. ४३ निघाल्या. त्यातल्या २९ माझ्या.

मला वाटलं होतं की बाजाराच्या दिवशी कापडी पिशवी विसरतो, तिथं घोटाळा होत असणार. पण आठवडी बाजारातून आलेली एकही पिशवी नव्हती! बाजाराला निघताना खुंटीवरची पिशवी आपोआप हातात येते. माझ्या २९ पैकी बहुतेक सगळ्या संध्याकाळी सहा ते आठमधल्या. ऑफिसातून निघालो, घरून फोन आला, "येताना कोथिंबीर आणा." किंवा रस्त्यात पेरू चांगले दिसले. किंवा मेडिकलमध्ये थांबलो. म्हणजे ज्याला मी 'खरेदी' म्हणतो तिथं मी सहा वर्षं नीट वागलोय, आणि ज्याला खरेदी म्हणतच नाही तिथून सगळं प्लास्टिक घरात आलंय.

मग या आठवड्यात मंडईत मुद्दाम स्वतःवर लक्ष ठेवलं. मावशींनी कोथिंबिरीची जुडी उचलली, दुसऱ्या हाताचं बोट जिभेला लावलं, खिळ्याला टांगलेल्या गठ्ठ्यातून एक पिशवी ओढली, फूऽ करून उघडली, जुडी आत. माझा हात अजून खिशातल्या पाकिटापर्यंत पोचायचा होता. मी "पिशवी नको" म्हणालो तर त्या म्हणाल्या, "मग कशात नेताय दादा? हातात?" आणि खरंच माझ्याकडं काही नव्हतं.

कायदा काय सांगतो तेही लिहितो. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, अंमलबजावणी २३ जूनपासून. पहिल्या वेळी पकडलं तर ५,००० रुपये दंड. नंतर १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅग १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. माझ्या पोत्यातल्या बऱ्याच पिशव्यांतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल.

धागा काढायचं कारण: ज्यांना मनापासून करायचं आहे आणि तरी होत नाही, त्यांनी सांगा, तुमचं नेमकं कुठं अडतं? काय करायला पाहिजे ते आपल्या सगळ्यांनाच तोंडपाठ आहे. अडतं कुठं, कुठल्या वेळी, कुणाच्या हातात, ते मला ऐकायचं आहे.

---

मिरज_जंक्शन | १ नोव्हेंबर, रात्री १०:२५

तुमची तळमळ कळते, पण मला हा सगळा मार्गच पटत नाही. तुम्ही ४३ पिशव्या मोजताय, त्या पिशव्या कुणीतरी तयार करून विकतंय. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेली आहे, २०२२ मध्ये त्यावर आणखी तपशीलवार नियम आले. ते सोडून आपण मावशीच्या खिळ्याशी भांडतोय. मावशीनं पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर जातं, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

---

कृष्णाकाठी | १ नोव्हेंबर, रात्री १०:५०

उत्पादकाबद्दल सहमत, आणि मावशींशी भांडण तर अजिबात नाही. पण खिडकीला अडकलेली ती दुधाची पिशवी वापरणारा कुणीतरी माझ्यासारखाच होता. नियम नीट लागू होईपर्यंतही रोज संध्याकाळी सहा वाजणारच आहेत.

---

खोडवा | २ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

अडतं कुठं म्हणून विचारलंय तर सांगतो. आमचं वाळवा तालुक्यात, साडेचार एकर ऊस. माझं पिशवीत नाही, पाचटात अडतं, म्हणजे तोडीनंतर रानात पडणाऱ्या उसाच्या वाळक्या पाल्यात.

पाचट जाळू नये हे मला कुणी सांगायची गरज नाही. शिबिरं केली, शेतीच्या मासिकातलं सगळं वाचलं. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघतं. जाळलं की त्यातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत, खाली राख, आणि वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात. ठेवायचं असेल तर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत पसरायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, ओल ठेवायची. पाठ आहे सगळं. आमच्या नदीकाठची किती रानं खारवटून पडलीत ते रोज बघतो, त्यामुळं जमिनीची काळजी काय असते हेही कळतं.

आणि तरी गेल्या वर्षापर्यंत मी दरवर्षी काडी लावली.

कसं होतं बघा. तोड कधी येणार हे आपल्या हातात नसतं. कारखान्याच्या चिटबॉयचा, म्हणजे तोडीचं नियोजन बघणाऱ्याचा, रात्री फोन येतो, उद्या ऊसतोड टोळी तुमच्या फडात. सकाळी मुकादम म्हणतो, फड पेटवून द्या. त्याचंही खोटं नाही. उसाचं पान करवतीसारखं असतं, टोळीतल्या बायकांचे हात कोपरापर्यंत चिरलेले असतात, आत साप-विंचू. पेटवलेला ऊस भराभर तुटतो आणि त्यांना पैसे टनावर मिळतात. जळीत उसाला कारखान्याकडून कपात लागते, म्हणून तिथं मी नाही म्हणायला शिकलो. हिरवाच तोडून घेतला. मग ऊस गेला, रानात गुडघाभर पाचट.

खरी गोष्ट पुढं आहे. माझी पाण्याची पाळी गुरुवारी, वीज रात्रीची. सरीत पाचट आडवंतिडवं पडलं असेल तर पाणी पुढं सरकत नाही, जागोजाग तुंबतं, आणि पाळी चुकली की पुढच्या आठवड्याशिवाय पाणी नाही. पाचट सरीत नीट दाबायला दोन माणसं दोन दिवस पाहिजेत. तोड संपली मंगळवारी संध्याकाळी. माणसं मिळत नाहीत. शेजारच्यानं त्याचं रान पेटवलेलं, धूर आपल्याच अंगावर. म्हातारी आई बांधावर बसून म्हणते, "लाव बाबा एकदा, मोकळा हो." एक काडी, वीस मिनिटं, रान स्वच्छ.

त्या वेळी माझ्या डोक्यात शिबिर नसतं, गुरुवार असतो.

गेल्या वर्षी फक्त अर्धा एकर ठेवलं. सगळं पाचट एक आड एक सरीत भरलं आणि पाणी मधल्या मोकळ्या सरीतून सोडलं. त्यामुळं अडलं नाही. त्या अर्ध्या एकरात उन्हाळ्यात एक भांगलण वाचली आणि पाणी दोन-तीन दिवस उशिरा दिलं तरी खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, सुकला नाही. श्रावणात पाचट हातात घेतलं तर चुरा होत होतं, खाली गांडुळं. बाकीच्या चार एकरांत तसं काही नव्हतं.

---

पायरीवरची | २ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

खोडवा दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "डोक्यात गुरुवार असतो" हे अगदी खरं आहे.

मी साताऱ्याची. कृष्णाकाठी दादांना एक विचारू का? ४३ पिशव्यांवर कुणी आणली ते लिहिलंत. कुणी धुतली, वाळवली आणि घडी घातली, ते लिहिलंत का?

राग मानू नका, मी माझ्या घरातलं सांगते. आमच्याकडं निश्चय ह्यांनी केला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. ओला कचरा घरातच जिरवायचा, दुधाच्या पिशव्या धुऊन रद्दीवाल्याला द्यायच्या, दही-पनीर डब्यात आणायचं. सगळं चांगलंच. पण दुधाच्या पिशव्या उलट्या करून धुणारी मी, फरशीवर चिकटवून वाळवणारी मी, डबे घासणारी मी. खताच्या बादलीत पावसाळ्यात अळ्या झाल्या तेव्हा नाकाला पदर लावून ती ढवळणारीही मीच. सासूबाईंचे गुडघे दुखतात, मुलाला आठची बस. सकाळी सात ते आठ या एका तासात माझ्या हातून जे सुटायचं, त्यालाच घरात "आपली सवय लागत नाही" असं म्हटलं जायचं. मला ते फार लागायचं. सवय लागली नव्हती असं नाही, हात पुरत नव्हते.

एक दिवस मी बादली बंदच करून टाकली. आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा आम्ही नीट बोललो. आता खत पूर्णपणे ह्यांच्याकडं आणि दुधाच्या पिशव्या मुलाकडं, रद्दीचे पैसे त्याचे. अळ्यांचं कारणही ह्यांनीच शोधलं. भाजीचे देठ, फळांची सालं हे सगळं ओलं, त्यात कोरडं काहीच नाही, म्हणून वास आणि अळ्या. ते आता बदामाच्या झाडाखालची वाळकी पानं पोत्यात साठवून ठेवतात आणि ओल्याच्या प्रत्येक थरावर मूठ-दोन मुठी टाकतात. तीन वर्षं झाली, बंद पडलेलं नाही.

जाता जाता एक. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकता राहू दे. तो नखाएवढा तुकडा कुणीच गोळा करू शकत नाही, तो मोरीतून थेट गटारात जातो.

---

कृष्णाकाठी | २ नोव्हेंबर, दुपारी १:३०

पायरीवरची ताई, राग कसला. तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. बायको काही बोलली नाही, पण उठून कपाटातून कात्री आणली आणि माझ्यासमोर ठेवली. आमच्याकडं कोपरा मीच तोडतो, रोज सकाळी, चहा ठेवताना. सहा वर्षांचे कोपरे कुठं गेले असतील याचा विचार मी कधीच केला नव्हता.

पिशव्या धुण्याचं काम आजपासून माझं.

---

जलसंपदा_निवृत्त | २ नोव्हेंबर, सायंकाळी ५:१०

एक दुरुस्ती, कारण या विषयात भावनेच्या भरात चुकीची समजूत पसरते. २०१९ चा पूर कॅरीबॅगांमुळे आला नव्हता. पाणलोटात थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस झाला. शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीनेही अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणांवर बोट ठेवले होते. धागाकर्त्यांनी तसे म्हटलेले नाही हे मान्य, पण वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो.

प्लास्टिकचा परिणाम वेगळ्या ठिकाणी होतो. नदी पात्रात असतानाही तासाभराच्या वळवाने गल्लीत गुडघाभर पाणी साचते, ते चेंबरच्या जाळीवर बसलेल्या पिशव्यांमुळे. शहराचे सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत मिसळते हा सांगलीचा जुना प्रश्न आहे. त्यावर योजना, यंत्रणा हव्यातच. पण जाळीत अडकलेली पिशवी हाताने काढणारा माणूस मी नोकरीत असताना अनेकदा पाहिला आहे. खाली वाकून, खांद्यापर्यंत हात घालून. त्या कामाला तेव्हा हातमोजे मिळत नसत. म्हणून मोजणीला विरोध नाही, मोजत राहा.

---

अजिंक्यतारा_७ | २ नोव्हेंबर, रात्री ८:४५

माझं आरओचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं. साताऱ्यात कासचं पाणी येतं आमच्याकडं, पठारावरचं, गोडं. तरी घर घेतलं तेव्हा सगळ्यांकडं आहे म्हणून आरओ बसवला. प्यायला एक तांब्या मिळतो तेव्हा त्याहून जास्त पाणी नळीतून मोरीत जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मीटर आणून मोजलं तर आमचं पाणी त्याच्या जवळपासही नव्हतं. हे कळून दोन वर्षं झाली. आरओ अजून भिंतीवर आहे, चालू आहे. बाळ लहान आहे आणि बंद करायची भीती वाटते. माझं अडतं ते भीतीपाशी.

---

पायरीवरची | २ नोव्हेंबर, रात्री ९:२०

अजिंक्यतारा, बाळ आहे तर भीती साहजिक आहे. पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या, क्षारांबरोबर जंतूंसाठीही, म्हणजे निर्णय कागद बघून होईल. तोवर नळीखाली बादली ठेवा, फरशी पुसायला आणि बाथरूमला होतं ते पाणी.

---

शाडूची_माती | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

आमच्या घरात गणपती घडवतात, तीन पिढ्या. मी माझ्या बाजूनं सांगते.

दरवर्षी चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात चांगली माणसं येतात आणि खरंच मनापासून विचारतात, "शाडूची आहे का हो? आम्हाला यंदा नदी खराब करायची नाही." आणि आमच्याकडं नसते. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत लवकर वाळत नाही. घाईनं उन्हात ठेवली तर तडा जातो, सोंड आणि बोटं आधी जातात. वजनाला जड, ने-आण करताना फुटायची भीती, म्हणून मागणी असेल तेवढ्याच करतो. ज्यांची नावं ज्येष्ठात आमच्या वहीत लागतात, त्यांना मिळते. भाद्रपदात आलेला माणूस दुसऱ्या दुकानात जातो आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची घेऊन, वाईट वाटून घेऊन घरी जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचना प्लास्टरच्या विरोधातच आहेत, आणि ते गिऱ्हाईकांना माहीत असतं. पण ते आठवतं आरास काढताना. मूर्ती तर दोन-अडीच महिने आधीच ठरून गेलेली असते.

मग आम्ही यंदा उलट केलं. विसर्जनानंतर चार दिवसांनी, मन अजून हळवं असताना, जुन्या गिऱ्हाईकांना फोन केले: पुढच्या वर्षीची नोंद आत्ताच करता का, पैसे नंतर द्या. गेल्या वर्षी या सुमारास वहीत एकही नाव नव्हतं. आत्ता ६१ आहेत.

ज्यांच्याकडं प्लास्टरची आलीच, त्यांनी नदीवर नेऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली आहे. बादलीत पाण्यात ते मिसळून मूर्ती ठेवायची, अधूनमधून ढवळायचं. मूर्ती विरघळते, तळाला चुनखडीसारखा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. खोडवा दादांना ते काय असतं सांगायला नको.

---

खोडवा | ३ नोव्हेंबर, रात्री ८:००

खतच की ते. शाडूताई, तुमची वही बघून मला माझंच उत्तर मिळालं. मी तोड झाल्यावर माणसं शोधतो. तोपर्यंत सगळे दुसरीकडं गुंतलेले.

---

मिरज_जंक्शन | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

वर मी जरा जोरात बोललो होतो. उत्पादकाबद्दलचं मत कायम आहे. पण ज्येष्ठातली वही, गुरुवारची पाळी आणि सकाळचा सात ते आठचा तास वाचून हे कळलं की इथं कुणी एकमेकांना दोष देत बसलेलं नाही. माझं अडतं पाण्याच्या बाटलीत. रोज मिरज–कोल्हापूर रेल्वेनं जातो आणि बाटली भरलेली ओट्यावर राहते. आजपासून रात्रीच डब्याच्या पिशवीत.

---

कृष्णाकाठी | १ डिसेंबर, रात्री ९:१५

महिना झाला, हिशोब द्यायला आलो. नोव्हेंबरचं पोतं: १७. त्यातल्या माझ्या ६.

दोन गोष्टी बदलल्या. एक कापडी पिशवी खुंटीवरून काढली, घडी घातली आणि हेल्मेटमध्ये ठेवली. डिकीत आधी ठेवून बघितली होती, तिथं ती असते पण आठवत नाही. हेल्मेट काढलं की आता पिशवी आधी हातात येते, आणि मंडईत उतरताना ती हातातच असते. दुसरं, मावशींना भाव विचारायच्या आधी पिशवी उघडून पुढं धरतो. त्यांचा हात खिळ्याकडं जायच्या आत. पहिले चार-पाच दिवस त्यांनी तरी ओढलीच, हात सवयीनं जातो. परवा मी जवळ गेलो तर त्याच म्हणाल्या, "आणा दादा इकडं तुमची झोळी." आणि मेथीवर चार मिरच्या जास्त टाकल्या.

राहिलेल्या ६ पैकी ३ चिकनच्या, २ मेडिकलच्या, एक पाहुण्यांबरोबर आलेली. चिकनला डबा न्यायला मला अजून संकोच वाटतो, कापणाऱ्याचे हात ओले, मागं रांग. कुणी नेत असेल तर कसं करता ते सांगा.

दुधाच्या पिशव्या मी धुतो. सकाळची सहा मिनिटं जातात. ही सहा मिनिटं बायकोची होती हे मला माहीत नव्हतं.

---

पायरीवरची | १ डिसेंबर, रात्री ९:५०

चिकनला झाकणाचा स्टीलचा डबा आणि रविवारी सकाळी आठच्या आत. तेव्हा रांग नसते आणि तो डब्याचं वजन आधी करून घेतो. दुसऱ्या खेपेला तोच विचारतो, डबा आणला का म्हणून.

---

खोडवा | २ डिसेंबर, सकाळी ६:०५

आमच्याकडं टोळी अजून आलेली नाही, या आठवड्यात येईल म्हणतात. यंदा दीड एकराचं पाचट ठेवायचं धरलंय. गावातल्या दोघांना आत्ताच सांगून ठेवलंय, आगाऊ पाचशे रुपये देऊन. युरिया, सुपर आणि जिवाणू खताच्या पिशव्या आणून वस्तीवर टाकल्यात, म्हणजे ऐनवेळी दुकान गाठायला नको. आणि शेजाऱ्याशी बोलून पाण्याची पाळी बदलून घेतली, तोड झाल्यावर पहिल्या खेपेला त्याचा गुरुवार, माझा रविवार. तो म्हणाला, पाचट सरीत कसं भरतोस ते बघायला येतो.